वीज गळते तारेतून, खतावते आमच्या नावावर



घरचे लाइटबिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर वीज शुल्क. हे दर ठरतात कसे? कंपनी वीज नियामक आयोगापुढे आपला खर्च मांडते. वीजखरेदी, पगार, दुरुस्ती, घसारा, कर्जाचे व्याज, शिवाय भागभांडवलावरचा परतावा! आयोग थोडी काटछाट करतो आणि उरलेला खर्च विकल्या जाणाऱ्या युनिटांवर बसवतो. आपल्या कापसाला मात्र तराजू वेगळा. २०१८ पासून हमीभाव दीडपट म्हणतात, तो स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज वगळलेल्या खर्चाच्या. असो, तो हिशेब तुम्हाला पाठ आहे.

खरी मेख 'विकलेल्या युनिटां'त आहे. लाखो पंपांना मीटर नाही, किंवा आहे तो बंद. २००३ च्या वीज कायद्याने दोन वर्षांत सगळ्यांना मीटरनेच वीज द्या असे सांगितले. मुदतवाढीची पळवाटही ठेवली. मग पंपाची वीज मोजतात कशी? हॉर्सपॉवर गुणिले तास. तास किती, तो अंदाज!

समजा पाच हॉर्सपॉवरचा पंप, म्हणजे ३.७३ किलोवॅट. कागदावर १६०० तास धरले तर ५९६८ युनिट. आपली विहीर संक्रांतीला तळ दाखवते, लोडशेडिंग वेगळेच. पंप चालला ७०० तास. वीज लागली २६११ युनिट. मधली ३३५७ युनिटे कोणी प्याली? ज्वारीने?

ती गेली गळतीत आणि आकडे टाकणाऱ्यांकडे. गळती म्हणजे आलेल्या विजेतून विकलेली वजा. शेतीचा आकडा फुगला की गळती आपोआप उतरते. हे आमच्या मनचे नाही. वीज मंडळ वर्षानुवर्षे गळती १७-१८ टक्क्यांच्या आसपास सांगत होते. १९९९ साली आयोग आला, कागद मागितले, तेव्हा तीच गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. तारा एका रात्रीत कुजल्या नव्हत्या.

आयोगाने ठरवलेल्या मर्यादेपलीकडची गळती कंपनीने सोसायची असते. ती शेतीच्या नावावर खतावली की भार सरकारी अनुदानावर आणि इतर ग्राहकांच्या दरावर पडतो. म्हणजे ज्याच्याकडे विहीरच नाही, घरात दोन बल्ब आणि एक पंखा, तो कोरडवाहूवालाही भरतो. आणि शहरातला माणूस म्हणतो, शेतकऱ्यामुळे बिल वाढले! एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतचे पंपबिल माफ झाले, तेव्हापासून तर आकडा तपासायची कोणाला गरजच वाटत नाही. बिल शून्य आले म्हणून आपणही गप्प. अनुदान मात्र त्याच फुगलेल्या युनिटांवर निघते.

आमची मागणी फुकटाची नाही. शेतीच्या प्रत्येक फीडरवर आणि रोहित्रावर चालू मीटर बसवा, त्याचे आकडे दर तिमाहीला ग्रामसभेत वाचा. दरवाढीच्या अर्जावर हरकत घेण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक ग्राहकाला आहे. जिल्हा बैठकीला येताना घरचे बिल, पंपाचे बिल आणि पंप खरोखर किती दिवस चालला त्याची नोंद आणा. हरकतीचे अर्ज तिथेच भरून घेऊ.