दोन पेट्या आणि एक जबाबदारी

ई-प्रशासनाची चर्चा करताना आपण मोठमोठ्या प्रणालींची नावे घेतो. परंतु कार्यालयाच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या दोन लहान पेट्यांचा धनी कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्यांपैकी एक म्हणजे दूरसंचार कंपनीचा डीएसएल मोडेम आणि दुसरी म्हणजे कार्यालयाने खरेदी केलेला राउटर.

लखनऊमधील एका कार्यालयात मी पाहिलेली अडचण या दृष्टीने बोलकी आहे. तेथील राउटर मुख्यालयातून तपासता यावा, म्हणून त्यात दूरस्थ प्रवेशाची सोय सुरू केली होती. तरीही बाहेरून संपर्क होईना. कंपनी म्हणे, लाइन व्यवस्थित आहे. पुरवठादार म्हणे, राउटर व्यवस्थित आहे. दोघांचेही म्हणणे खरे होते. दोष दोहोंच्या सीमेवर होता.

राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १९२.१६८ने सुरू होत होता. असा पत्ता खासगी असतो. इंटरनेटवरून तेथे थेट पोहोचता येत नाही. म्हणजे मोडेमही राउटरचेच काम करीत होता आणि बाहेरून आलेली विनंती त्याच्या दारातच अडत होती. अशा वेळी मोडेम ब्रिज पद्धतीवर ठेवून जोडणीचे वापरकर्तानाव व पासवर्ड राउटरमध्ये भरावेत, किंवा मोडेममधून ठरावीक पोर्ट राउटरकडे वळवावा. मात्र कंपनीने दिलेला पत्ताच १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. मग कार्यालयात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

तंत्र एवढेच आहे. माझा आक्षेप आहे तो त्यापुढच्या सवयीवर. काम अडले की 'तात्पुरते' म्हणून राउटरचे नियंत्रणपृष्ठ साऱ्या जगाला खुले केले जाते, तेही कारखान्यातून आलेल्या पासवर्डसह. आणि शासकीय कार्यालयातील तात्पुरती व्यवस्था किती वर्षे टिकते, हे वाचकांना सांगायला नको. जुलै २०१७ मध्ये मूळ पासवर्ड न बदललेल्या बीएसएनएलच्या मोडेमांवर घातक प्रणालीचा हल्ला झाला. असंख्य जोडण्या बंद पडल्या आणि पासवर्ड बदला, असे ग्राहकांना सांगावे लागले. म्हणून दूरस्थ प्रवेश व्हीपीएनमधूनच द्यावा. निदान ठरावीक पत्त्यांपुरता तरी मर्यादित ठेवावा.

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे शासकीय संस्थांवरही बंधनकारक आहे. पण पेटी कोणाची हेच ठाऊक नसेल, तर घटना कळवणार कोण?

कार्यभार हस्तांतरित करताना आपण कपाटाच्या किल्ल्या मोजून घेतो. राउटरचा पासवर्ड मात्र बदली झालेल्या लिपिकाच्या डायरीतून निघून जातो. माझी सूचना साधी आहे. दोन्ही पेट्यांची एकपानी नोंद ठेवावी: मालकी कोणाची, मोडेम कोणत्या पद्धतीवर आहे, बाहेरून कोणता मार्ग, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या तारखेपर्यंत खुला आहे. पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखाकडे असावा आणि हस्तांतरणाच्या यादीत त्याचा उल्लेख व्हावा. आज अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी ऑप्टिकल फायबर आली आहे, पण पेट्या दोनच राहिल्या आहेत. नागरिकांचे अर्ज आणि कर्मचाऱ्यांची वेतनदेयके याच पेट्यांतून जातात. त्यांची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे कार्यालयाला ठाऊक असलेच पाहिजे.