दहिवराला काश्मीर म्हणू नका

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी पारा उतरला की दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांत एक छायाचित्र ठरलेलं असतं. गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर, कोणाच्या तरी ओंजळीत खरवडून गोळा केलेले हिमकण, आणि वर मथळा : महाबळेश्वर झालं 'मिनी काश्मीर'! बंगळुरूत बसूनही तो फोटो चुकवता येत नाही. इकडे उटीच्या वाट्यालाही हीच उपमा येते.

माझं काम भाषांतराचं. त्या कामाच्या हिशेबाने हा मथळा म्हणजे मूळ न वाचता केलेलं भाषांतर आहे.

मूळ काय आहे? काश्मीरात बर्फ आभाळातून पडतो. वेण्णाकाठी काहीच पडत नाही. आभाळ निरभ्र असतं, वारा थांबलेला असतो, जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते आणि थंड हवा सखल जागी साचते. गवताचं पातं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. म्हणून तापमापक शून्याच्या वर असतानाही पात्यावरचं दव गोठू शकतं. कधी तर बाष्पाचे थेट स्फटिक होतात, मध्ये पाणी होतच नाही. ढग आले किंवा वारा सुटला की सगळं बारगळतं. याला मराठीत शब्द आहे, शाळेच्या भूगोलात शिकवलेला : दहिवर. सातपुड्यात डाबच्या बाजूला गवती छपरांवरही ते धरतं.

अमेरिकेत व्हरमाँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा फोटो काढला, आणि पुढे आयुष्यभरात असे पाच हजारांवर काढले. त्याच्या फोटोत समोरचा स्फटिक दिसतो, दुसरं कुठलं गाव दिसत नाही. आपल्याकडे आज त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली भिंगं आहेत. पण ती स्फटिकाजवळ जात नाहीत, कारण जवळ गेलं की काश्मीर दिसेनासं होतं.

दुरून काढलेल्या फोटोतून आणखी एक गोष्ट निसटते. पर्यटक ज्या पहाटे खूश असतात, त्याच पहाटे स्ट्रॉबेरीचा शेतकरी वाफ्यात वाकून फुलं तपासत असतो. गारठ्याने मारलेल्या फुलाच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात, मधला पिवळा भाग तेवढा काळा पडतो. त्या फुलाला फळ धरत नाही. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हे पीक. त्याचं नुकसान टिपायचं तर वीतभर अंतरावर जावं लागतं. 'मिनी काश्मीर' म्हटलं की सहलीची जाहिरात होते, पंचनाम्याची बातमी होत नाही.

कोणी म्हणेल, साधी उपमा ती, पर्यटनाला तेवढाच हातभार. पण महाबळेश्वरला गिऱ्हाईक दुसऱ्याच्या नावाने बोलवावं लागतं का? साहेबाने वसाहतीला माल्कमपेठ म्हटलं, ते नाव मागे पडलं आणि महाबळेश्वरच उरलं. आता आपणच त्यावर नवी पाटी ठोकतो आहोत. शिवाय या उपमेत काश्मीरचाही नुसता पांढरा रंग होतो. तिथली माणसं, त्यांचा हिवाळा, सगळं त्या रंगाखाली गाडलं जातं.

तेव्हा संपादकहो, फोटो जरूर छापा, पण जवळून काढलेला. खाली जागा, वेळ आणि जमिनीलगतचं तापमान द्या. शेजारी स्ट्रॉबेरीचं ते काळवंडलेलं फूलही छापा. आणि मथळ्यात 'दहिवर' लिहा. वाचकाला शब्द अडला तर तो घरात कोणाला तरी विचारेल.