विश्लेषण : उपग्रहाला दिसणारे सगळे हिरवे म्हणजे जंगल?

कच्छच्या रणाला लागून असलेला बन्नीचा गवताळ प्रदेश सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा आहे. मालधारी पशुपालक पिढ्यानपिढ्या तिथे म्हशी-गुरे चारतात. रणाचा फैलाव रोखण्यासाठी 1961च्या सुमारास वनखात्याने तिथे अमेरिका खंडातले एक काटेरी झाड लावले. आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो, कच्छमध्ये ते ‘गांडो बावळ’. गांडो म्हणजेही वेडाच! त्याच्या गोड शेंगा जनावरे खातात, बी शेणातून दूरवर पडते. आज बन्नीचा मोठा भाग या झुडपांनी व्यापला आहे आणि त्यांच्या दाटीत चाऱ्याचे गवत टिकत नाही. एवढ्या पसाऱ्यात ते नेमके कुठवर पोहोचले, हे पायी फिरून मोजणे अवघड. म्हणून उपग्रहाची मदत घेतली जाते.

गवत आणि बाभूळ वेगळी कशी ओळखतात?

हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवते. या दोन्हींच्या फरकावरून ‘एनडीव्हीआय’ हा निर्देशांक काढतात. पण पावसाळा संपताना तो सगळीकडेच चढा असतो. खरी युक्ती आहे तारखेची. एप्रिल-मेपर्यंत गवत वाळून पिवळे पडते, खोल मुळांची वेडी बाभूळ मात्र हिरवीच राहते. ऑक्टोबरचे आणि मेचे छायाचित्र शेजारी ठेवले, की भर उन्हाळ्यातही हिरवा राहिलेला भाग संशयित ठरतो. युरोपच्या सेंटिनल-2 उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी अशी छायाचित्रे देते, तीही मोफत. अमेरिकेच्या लँडसॅटचा संग्रह तर 1972 पासूनचा आहे.

उपग्रह फसतोही. पिलू आणि देशी बाभूळही उन्हाळ्यात हिरवी असतात. सेंटिनलचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 बाय 10 मीटरचा तुकडा. त्यात वीतभर रोप दिसत नाही, आणि उपटायला सोपे असते ते तेव्हाच. झाड नुसते तोडले तर छायाचित्रात जमीन मोकळी दिसते, पण बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. त्यामुळे नकाशा हातात घेऊन कुणीतरी जागेवर जावेच लागते. ते काम मालधाऱ्यांइतके चांगले कोण करील?

मग अडचण कुठे आहे?

आपल्या मोजमापात. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर झाडांचे छत्र 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर ते ‘वनाच्छादन’. झाड कोणते, हा प्रश्नच नाही. म्हणजे पशुपालकाची चराई गिळणारी दाट बाभूळ कागदावर वाढलेले जंगल ठरू शकते. तंत्रज्ञान तेच, छायाचित्रही तेच. प्रश्न चुकीचा विचारला की उत्तर उलटे येते.

वनाच्छादनाच्या आकड्यांत वेडी बाभूळ वेगळी दाखवायला हवी. सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांसाठीही हे तितकेच गरजेचे आहे, कारण तिथेही ती आहे आणि माळरानाकडे पडीक जमीन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला आहेच. मात्र नकाशा पाहून सरसकट जेसीबी घालणेही बरोबर नाही. या झाडाचा कोळसा करून पोट भरणारी कुटुंबे बन्नीत आहेत. कोणता पट्टा आधी मोकळा करायचा, हे ठरवताना त्यांना आणि मालधाऱ्यांना सोबत बसवायला हवे.