मेनी-टू-मेनी, बॉस!

अख्खं जग एक्सेलच्या एका शीटमध्ये मावतं असं मानणारी एक जमात आहे. सोसायट्यांचे सेक्रेटरी काका बहुतेक याच जमातीतले. फ्लॅट नंबर, मालकाचं नाव, मोबाइल, मेंटेनन्स आला की नाही... झालं! एक फ्लॅट, एक मालक. आमच्या भाषेत वन-टू-वन. दिसायला एकदम सुटसुटीत.

पण आज तिशीतल्या कितीतरी जोडप्यांचा फ्लॅट दोघांच्या नावावर असतो. ईएमआय दोघांच्या पगारातून जातो. म्हणजे एका फ्लॅटला मालक दोन. त्यातल्या एखादीचा माहेरच्या फ्लॅटमध्येही भावाबरोबर हिस्सा असतो. म्हणजे एका मालकिणीला फ्लॅट दोन. हा झाला मेनी-टू-मेनी. आता शीटमध्ये काय करणार? 'मालक २' असा कॉलम? आणि तीन बहिणी मिळून वारस झाल्या तर? मी डेटाबेस डिझाइन करून पोट भरते, त्यामुळे असले 'मालक २' बघितले की मला जाम त्रास होतो.

हे चौकोन आणि रेघांचं प्रकरण पीटर चेन या माणसाचं. १९७६ साली त्यानं एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं. वस्तू किंवा माणूस असेल तर चौकोन आणि त्यांच्यातलं नातं असेल तर शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट. नात्याला स्वतःची चौकट! मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं.

कारण मेनी-टू-मेनी सोडवायला नात्याचंच तिसरं टेबल करावं लागतं. त्यातल्या प्रत्येक ओळीतली एक फॉरेन की फ्लॅटकडे बोट दाखवते, दुसरी माणसाकडे. आणि मग लक्षात येतं की बरीच माहिती ना फ्लॅटची असते, ना माणसाची. हिस्सा किती? कधीपासून? सर्टिफिकेटवर नाव कितवं? हे सगळं नात्याचं.

'नाव कितवं' हा कॉलम तर फारच महत्त्वाचा. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांच्या कायद्याप्रमाणे शेअर एकाहून जास्त जणांच्या नावे असेल, तर मत देण्याचा हक्क पहिलं नाव असणाऱ्याला. तो हजर नसेल तर दुसऱ्याला. टाइल्सच्या शेडवरून आपण तीन शनिवार भांडतो आणि पहिलं नाव कोणाचं, हे मात्र फॉर्म भरता भरता अर्ध्या मिनिटात ठरून जातं. कुणाचं ते सांगायला नकोच.

चेनच्या त्याच पेपरात 'वीक एन्टिटी' नावाचा एक प्रकार आहे. जिला स्वतःची ओळख नाही, दुसऱ्याच्या आधारानंच जी टेबलात उभी राहते, अशी एन्टिटी. चौकोनाला दुहेरी किनार. त्याचं उदाहरण होतं कर्मचारी आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं. कंपनीपुरतं ठीक आहे. कर्मचारी नोकरी सोडून गेला की कंपनीला त्याच्या कुटुंबाच्या नोंदीशी काय घेणंदेणं?

लोचा होतो तो हाच साचा घराच्या मालकीला लावला की. 'पत्नीचे नाव' हा नवऱ्याच्या ओळीतला एक कॉलम असेल, तर त्याची ओळ पुसली की तीही पुसली जाते. निम्मे हप्ते भरलेली बाई उद्या त्याच्या पश्चात ऑफिसात गेली, तर रेकॉर्डमध्ये तिचं स्वतःचं असं काहीच सापडत नाही. मग कागद घेऊन फिरा.

म्हणून फॉरेन की लिहिताना डिलीटचा नियम काय लावता हे बघावं लागतं. 'कॅस्केड' लावलं तर एक ओळ पुसताना तिच्या आधारावरच्या सगळ्या ओळी गुपचूप जातात. 'रिस्ट्रिक्ट' लावलं तर डेटाबेस अडून बसतो, आधी या नात्यांचं काय करायचं ते ठरवा म्हणतो. मालकीच्या टेबलवर मी कॅस्केड कधीच लावत नाही. गेलेल्या माणसाची ओळही ठेवते, फक्त 'कधीपर्यंत' या कॉलममध्ये तारीख घालते.

तुमच्या सोसायटीच्या शीटवर 'मालक' हा एकच कॉलम असेल, तर या रविवारी कपाटातलं शेअर सर्टिफिकेट बाहेर काढा. दोन्ही नावं आहेत का बघा. आणि कुठल्या क्रमानं, तेही.