भादव्यातली झोप, कार्तिकातले पोते

कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव त्याच्यामागे काठी घेऊन धावले नाहीत. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, या काळजीने तुपाची वाटी घेऊन धावले. ही कथा हिंगोली जिल्ह्यातल्या पोराटोरांनाही पाठ आहे, कारण नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यातले. कीर्तनात ही कथा आली की डोळे पुसायचे, आणि घरी आल्यावर जिन्याखाली कुत्री व्यायलेली दिसली की पोते शोधायचे! आंधळी पिल्ले त्यात कोंबायची, दुचाकीला लटकवायची आणि उकिरड्यावर नाहीतर नदीकाठी ओतून यायची. वर साळसूदपणे सांगायचे, 'मारली नाहीत हो, सोडून दिली.' कुणाच्या भरवशावर सोडलीत?

या 'सोडण्या'चा अर्थ नीट समजून घ्या. कुत्रीचे पिल्लू जन्मतः आंधळे आणि बहिरे असते. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही, म्हणजे अंगात ऊब तयार करायची सोयच अजून नाही. आईची कूस आणि भावंडांचा ढीग हीच त्याची शेगडी. आई चाटत नाही तोवर त्याला लघवीसुद्धा होत नाही. पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेला नाही, तर रोगांशी झुंजायचे आईकडून मिळणारे बळ हुकते. अशा जिवाला मार्गशीर्षातल्या रात्री उघड्यावर टाकणे म्हणजे मारणेच. फक्त हाताला रक्त लागत नाही एवढेच!

आणि मग येतात दयाळू लोक. पाणी घातलेल्या दुधाची बशी समोर ठेवतात, नाहीतर पिल्लाला उताणे धरून बोळ्याने दूध पाजतात. तीन आठवड्यांच्या आतले पिल्लू चाटून पीत नाही; उताण्या पिल्लाचे दूध फुप्फुसात उतरते; गारठलेल्या पिल्लाला तर दूध पचतच नाही. आधी ऊब द्यायची, पालथे धरून मग पाजायचे, एवढे साधे शहाणपण आमच्या एकाही शाळेत शिकवले जात नाही. कुत्रीचे दूध गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून अधिक स्निग्ध असते. त्या जागी पाणचट दूध म्हणजे सावकाश उपासमार.

'मेली तर मेली, तेवढीच कुत्री कमी,' असा हिशेब मांडणारे शहाणे गल्लोगल्ली भेटतात. त्यांनी हा हिशेब पाहावा. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकाट कुत्र्यांच्या 364 पिल्लांची पाच वर्षे नोंद ठेवली. वयात येईपर्यंत जगली 19 टक्के, आणि मेलेल्यांपैकी 63 टक्क्यांच्या मरणात माणसाचा हात. एवढा संहार होऊनही बंगालचे रस्ते कुत्र्यांवाचून ओस पडलेले नाहीत! पडणार कसे? पिल्ले पोत्यात जातात, पण कुत्री तशीच राहते. पुढच्या विणीला पुन्हा पाच-सहा पिल्ले. हे क्रौर्य नुसते हिडीस नाही, निरुपयोगीही आहे.

ज्यांच्या लेकराला कुत्रे चावले त्यांचा संताप आम्हाला कळतो. पण व्यालेली कुत्री अंगावर येते ती बहुतेकदा पिल्लांपायीच. तिच्या डोळ्यांदेखत ती उचलून नेल्याने गल्ली सुरक्षित होत नाही. उलट पिल्लू आहे म्हणून त्याचा ओरखडा धुवायचाही आळस करणारे घर रेबीजला दार उघडे ठेवते. जखम पंधरा मिनिटे साबणाने धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना पुरे!

डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी माकडे पिल्ले उचलून उंचावर नेतात, अशी बातमी झाली. वाहिन्यांनी आकडे फुगवले, देशभर थट्टा चालली, वनखात्याने दोन माकडे धरली. माकडांसाठी सापळा लागला. माणसांच्या पोत्याची बातमीसुद्धा होत नाही.

आता मूळ गुन्हेगाराकडे वळू. कुत्र्यांचा भादवा हा काही गुप्त मुहूर्त नव्हे. गाभणकाळ सुमारे 63 दिवसांचा. म्हणजे भादव्यातल्या माजाची पिल्ले कार्तिकाच्या आगेमागे जन्मणार, हे गणित शेंबड्या पोरालाही येईल. फक्त कार्यालयात येत नाही! प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 नुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. निविदा, फायली आणि बैठकांत श्रावण उलटतो, आणि कार्तिकात ओरड झाली की गाडी धावते. सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला तोही 7 नोव्हेंबर 2025 रोजी, ऐन विणीच्या हंगामात. निवारा म्हणजे पोते नव्हे, आणि आई गाडीत व पिल्ले गटारात ही अंमलबजावणी नव्हे!

आमचे मागणे आकाशातले नाही. शस्त्रक्रिया श्रावणाआधी उरका. व्यालेली कुत्री दोन महिने पिल्लांपासून तोडू नका; जागा अडचणीची असेल तर कुटुंबच्या कुटुंब जवळच्या आडोशाला हलवा. पिल्लांना जंताचे औषध द्या, सहा-आठ आठवड्यांपासून पार्वोची लस आणि पुढे रेबीजची लस टोचा, आणि दूध तुटताच आईचे निर्बीजीकरण करा. हिंगोली, वसमत, कळमनुरी या नगरपालिका आणि सेनगाव, औंढा नागनाथ या नगरपंचायतींनी येत्या श्रावणअखेर किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण केले, तो आकडा दारावर लावावा. शून्य असेल तर शून्य लिहा. पण खडूने नको, ऑइलपेंटने.