मजुरांची हजेरी : यंत्रावरची आणि भिंतीवरची

मजुराची हजेरी कागदावर घ्यावी की यंत्रावर, ह्या वादात आम्हांस फारसे स्वारस्य नाही. घेतलेल्या हजेरीची नक्कल मजुराच्या हाती राहते की नाही, हे आम्ही अधिक महत्त्वाचे समजतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यास ह्या विषयाचा अनुभव बराच आहे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखाली हजेरीपट चालतच होते. पुढे केंद्राचा २००५ चा कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये ज्या २०० जिल्ह्यांत प्रथम लागू झाला, त्यांतही आपला जिल्हा होता.

जुन्या कागदी हजेरीपटाचे गोडवे आम्ही गाणार नाही. महसुली दप्तरात आयुष्य गेलेल्या माणसास एकाच बैठकीत, एकाच शाईने भरलेले आठवड्याचे रकाने लांबूनच ओळखू येतात. सबब मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोबाईलवरील हजेरीची प्रणाली आणली, तिचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणू नये. १ जानेवारी २०२३ पासून, व्यक्तिगत लाभाची कामे वगळता, ती सर्वत्र सक्तीची झाली. दिवसातून दोनदा कामाच्या जागी मजुरांचे छायाचित्र घ्यावयाचे व त्यावर वेळ आणि ठिकाण आपोआप उमटावयाचे, अशी ती रीत.

परंतु ज्यास लबाडी करावयाची, त्यास शाई काय आणि छायाचित्र काय! ८ जुलै २०२५ च्या परिपत्रकात केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच गैरप्रकारांची यादी दिली : कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्राचेच काढलेले छायाचित्र, एकच मजूर अनेक हजेरीपटांत, सकाळची माणसे निराळी व दुपारची निराळी. म्हणजे लबाडाची वाट यंत्राने अडविली नाही. अडचण झाली ती प्रामाणिक मजुराची. कळमनुरी किंवा औंढ्याच्या डोंगरकडेला रेंज मिळाली नाही आणि दुपारचे छायाचित्र चढलेच नाही, तर दिवसभर माती वाहिलेल्या बाईने पुरावा कोणता दाखवावा? २०२५-२६ साली महाराष्ट्रात ह्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तेवढ्यासाठी तिने तालुक्यास दोन खेटे घातले की मजुरी भाड्यातच गेली.

शिवाय मातीकामाची मजुरी मोजमापावर ठरते. छायाचित्रात माणूस दिसतो, खड्ड्याची खोली दिसत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा संमत केला. त्यातही यंत्रावरील हजेरीस स्थान आहेच. यंत्र जावयाचे नाही, हे ओळखूनच उपाय शोधला पाहिजे. तो आमच्या मते घराघरांतील भिंतीवर लटकलेला आहे. १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघाले, तेव्हापासून आपल्या बायाबापड्या दिनदर्शिकेच्या चौकटीत दुधाचे लिटर व गवळ्याचे खाडे मांडीत आल्या आहेत, आणि महिनाअखेर त्या हिशेबापुढे गवळ्याची काही मात्रा चालत नाही. तीच रीत टोळीने उचलावी. प्रत्येक टोळीची एक दिनदर्शिका असावी. रोजच्या चौकटीत किती माणसे, कोणते काम व किती मोजमाप, एवढेच लिहावे. आणि संध्याकाळी काम सुटण्यापूर्वी नावे मोठ्याने वाचून प्रत्येकीच्या कार्डावर तो दिवस चढवावा. अक्षरओळख असलेली एखादी मुलगी टोळीत असतेच.

आपल्या सभासदांनीही हे सरकारी कामापुरते समजू नये. वसमतेकडे हळदीची काढणी व शिजवणी, सर्वत्र सोयाबीनची कापणी, ही कामे बहुधा गुत्त्याने दिली जातात. तरी अर्धवट राहिलेल्या गुत्त्यात कोण किती दिवस होता, ह्यावरून दरसाल कटकटी होतात आणि पुढच्या हंगामास तीच टोळी शेजाऱ्याच्या शेतात दिसते. मालक व टोळी दोघांनी दोन दिनदर्शिका ठेवाव्या, आणि आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी त्या समोरासमोर ताडून पाहाव्या. तफावत निघाली तर ती एका आठवड्याचीच असेल, आणि त्या दिवशी शेतात कोण होते हे तोवर सर्वांच्या ध्यानात असते.