वीज तयार, तार कुठे आहे?

दिव्याचे बटण दाबताना ही वीज कुठून आली, याची चौकशी कोणी करीत नाही. ती गेली, की मात्र आपण साऱ्या चाळीला विचारतो. जर्मनीतल्या गृहिणींवर ही चौकशी करण्याची पाळी दिवे लागलेले असतानाच आली. २०१३ सालापासून त्यांच्या बिलात युनिटमागे पाव सेंटची नवी आकारणी दिसू लागली. कशाबद्दल? तर उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्या वेळेवर किनाऱ्याला जोडल्या गेल्या नाहीत, त्या नुकसानभरपाईबद्दल!

भर समुद्रात चक्क्या रोवणाऱ्यांना एक तार ओढता येऊ नये? पण खरी मेख तारेतच आहे.

आपल्या घरातली वीज ए.सी., म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी. समुद्रतळाशी घालायची केबल उघडी नसते. आत धातूची तार, भोवती जाड वेष्टण आणि त्यावर पुन्हा धातूचे कवच. जिना धुण्याची लांबलचक रबरी नळी आठवा. तिच्यातले पाणी सारखे मागेपुढे ढकलू लागलात, तर पुष्कळसा जोर नळी फुगवण्यातच जाईल. केबलही तशीच दर हेलकाव्याला विजेने भरते आणि रिती होते. अंतर शंभर किलोमीटरच्या घरात गेले, की तिची बरीचशी ताकद स्वतःचेच पोट भरण्यात संपते. डी.सी. वीज हेलकावत नाही. केबल एकदा भरली की भरली.

डी.सी. काही नवी नव्हे. मुंबईच्या लोकल गाड्या १९२५ पासून सुमारे नव्वद वर्षे तिच्यावरच धावल्या. स्वीडनने तर १९५४ सालीच गोटलंड बेटाला समुद्राखालून डी.सी. वीज पोचवली. आपल्याकडे चंद्रपूरहून पडघ्याला ७५२ किलोमीटर वीज येते तीही डी.सी.च, मात्र उंच मनोऱ्यांवरून.

बोर्कुम बेटापलीकडे, खोल समुद्रात, ८० चक्क्यांचा एक ताफा आहे. त्यांची ४०० मेगावॉट वीज समुद्रातच एका प्रचंड पोलादी मचाणावर डी.सी. केली जाते. मग पाण्याखालून १२५ आणि जमिनीखालून ७५ किलोमीटर चालून ती डीले गावी पुन्हा ए.सी. होते. अशी मचाणे बांधणारे कारखाने थोडे, आणि खर्च अफाट. साहजिकच चक्क्या पुढे आणि तारा मागे, असे होऊ लागले. लग्न ठरवून बसायचे नि मग मांडवाची चौकशी करायची, त्यातलाच हा प्रकार!

किनाऱ्याजवळचा रिफगाटचा ताफा तर साध्या ए.सी. केबलनेच जोडायचा होता. २०१३ च्या उन्हाळ्यात तिथल्या तीसही चक्क्या उभ्या राहिल्या. पण केबलच्या वाटेवर महायुद्धातला दारूगोळा पडलेला! तो काढीपर्यंत चक्क्या गंजू नयेत, म्हणून वारा सुटलेला असताना त्या डिझेल जाळून चालू ठेवल्या गेल्या. केबल जोडली गेली ती २०१४ च्या फेब्रुवारीत.